एका काल्पनिक टेहळणी नौकेचा हिशेब

नौदलाच्या इतिहासात लढायांची वर्णने पुष्कळ सापडतात. परंतु एखादे जहाज तसेच का बांधले गेले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने यंत्रांच्या वाटेला कशाला जावे, असे कोणी म्हणेल. पण ज्याला महिन्याचा घरखर्च मांडता येतो, त्याला हाही हिशेब मांडता येईल. प्रस्तुत लेखात १९०६ साल धरून ३,००० टनांची एक वेगवान टेहळणी नौका आपण कागदावर उभी करू या.

प्रथम तिचे काम पाहू. त्या काळी रडार नव्हते, आरमाराला विमानांची साथ नव्हती आणि बिनतारी संदेशाची विद्या बाल्यावस्थेत होती. शत्रूचे आरमार कोठे आहे, हे कोणीतरी पुढे जाऊन डोळ्यांनीच पाहावे लागे. टेहळणी नौकेने शत्रू गाठायचा, मोजायचा आणि बातमी घेऊन निसटायचे. मोठ्या तोफांशी झुंजणे हे तिचे काम नव्हे. ब्रिटनने १९०४-०५ च्या सुमारास अशा आठ नौका बांधल्या. त्यांचा अपेक्षित वेग २५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर होता. त्यांत जुन्या पद्धतीची दट्ट्याची इंजिने होती.

दट्ट्याच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला जड दट्ट्या थांबून उलट फिरतो. पूर्ण वेगात सारे जहाज थरथरते व बेअरिंगे तापतात. असा वेग तासन्‌तास टिकत नाही. चार्ल्स पार्सन्स यांच्या टर्बाइनमध्ये वाफ पात्यांवर आदळते आणि दंड सरळ गोल फिरत राहतो. १८९७ साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात त्यांची ‘टर्बिनिया’ ही छोटी नौका सुमारे ३४ नॉट वेगाने धावली. पुढे ब्रिटनने एकाच जातीच्या चार क्रूझरांपैकी फक्त ‘ॲमेथिस्ट’ला टर्बाइन बसवले. १९०४ च्या चाचण्यांत तिने २३.६ नॉटच्या आसपास वेग गाठून बहिणींना मागे टाकले. म्हणून आपल्या नौकेलाही टर्बाइनच घेऊ.

आता शक्तीचा हिशेब. ढोबळ नियम असा, की लागणारी अश्वशक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वजनाचा परिणाम त्या मानाने सौम्य असतो. अमेरिकेची ‘चेस्टर’ ही टर्बाइनची टेहळणी नौका ३,७५० टनांची होती. २४ नॉटसाठी तिला १६,००० अश्वशक्ती योजलेली होती. तेच प्रमाण आपल्या ३,००० टनांना लावले, तर २६ नॉटसाठी सुमारे १७,५०० अश्वशक्ती लागते. लोभ धरून २८ नॉट मागितले, तर आकडा २१,८५० च्या घरात जातो. वेग दोन नॉटांनी, म्हणजे शेकडा आठपेक्षाही कमी वाढला. शक्ती मात्र शेकडा २५ ने वाढवावी लागली.

ही शक्ती वजनातून वसूल होते. हिशेबापुरते धरू, की जहाजाच्या सांगाड्याला १,२०० टन, बॉयलर व यंत्रांना ९५० टन आणि कोळशाला ६०० टन दिले. बेरीज २,७५० झाली. उरले फक्त २५० टन. त्यांतच तोफा, दारूगोळा, चिलखत, माणसे आणि त्यांचे अन्नपाणी बसवायचे. यंत्रांवर ५० मीटर लांब व १२ मीटर रुंद असा एक इंच जाडीचा पोलादी डेक घातला, तर तोच सुमारे ११८ टन होतो. २८ नॉटचा हट्ट धरला, तर यंत्रांचे वजन आणखी २३५ टनांनी वाढते. मग तोफेलाही जागा उरत नाही. तेव्हा २६ नॉट, एक इंची डेक आणि हलक्या तोफा, यावर समाधान मानावे लागेल.

कोळशाचा हिशेब याहून कठीण. पूर्ण वेगात दर अश्वशक्तीला ताशी ०.९ किलो कोळसा धरला, तर ताशी पावणेसोळा टन जळतो. एवढा कोळसा माणसांनी फावड्याने भट्टीत लोटायचा! ६०० टन सुमारे ३८ तासांत संपतात आणि नौका जेमतेम ९९० सागरी मैल जाते. १२ नॉट या सावकाश चालीला मात्र १,७२० अश्वशक्ती पुरते. पण तेथे टर्बाइन कोळसा अधिक खाते. कारण पाती वेगाने फिरली तरच वाफेचा पूर्ण उपयोग होतो, आणि पाण्यातल्या पंख्याला सावकाश फिरणे मानवते. दोघे एकाच दंडावर बांधलेले असल्याने दोघांचीही कुचंबणा होते. सावकाश चालीला टर्बाइनसाठी दीड किलो व दट्ट्याच्या इंजिनासाठी एक किलो धरला, तर पल्ला अनुक्रमे सुमारे २,८०० व ४,२०० सागरी मैल येतो. टेहळणी नौकेचे बहुतेक आयुष्य सावकाश चालण्यातच जाते, हे लक्षात घेतले म्हणजे हा तोटा किती मोठा आहे ते कळेल. सावकाश चालीसाठी वेगळे छोटे टर्बाइन जोडणे हा त्या काळचा एक उपाय होता. पुढे टर्बाइन व पंखा यांच्यामध्ये दातेरी चक्रे आली, तेव्हा ही अडचण खऱ्या अर्थाने सुटली.

हा केवळ कागदी खेळ नव्हे. वर सांगितलेल्या आठ ब्रिटिश नौकांपैकी ‘पाथफाइंडर’ ५ सप्टेंबर १९१४ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ गस्त घालत होती. कोळसा बेताचा असल्यामुळे ती अगदी सावकाश चालली होती. जर्मन पाणबुडी यू-२१ ने पाणतीर सोडला. दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि नौका काही मिनिटांत बुडाली. सुमारे अडीचशे माणसे गेली. २५ नॉट धावण्यासाठी बांधलेल्या नौकेचा वेग त्या घटकेला तिच्या उपयोगी पडला नाही.

आपल्या कागदावरच्या नौकेतही साडेतीनशेच्या आसपास माणसे आपण बसवली असती. म्हणून तिच्या नकाशावर सही करण्यापूर्वी ‘ती किती वेगाने धावेल?’ याबरोबरच ‘ती किती दिवस धावू शकेल?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. मला तर दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि म्हणून एखादा नॉट कमी करूनही कोळशाचे शंभर टन मी वाढवून घेईन.