पावडर कोटिंग : जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनावरचा पक्का रंग

मोर्शी, वरुड, चांदूर बाजार या भागात गॅरेज, वेल्डिंग आणि डेंटिंग-पेंटिंगची कामे करणारे अनेक कारागीर बांधव आहेत. हात चांगला, मेहनत भरपूर. पण काम बहुतेक ट्रॅक्टर, जीप आणि मोटारसायकलीचे, आणि रंगाचा मोबदला बेताचा. या हुन्नराला पावडर कोटिंगची जोड देता येईल काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. तरीही कापडाला रंग पक्का बसण्याचे आणि धातूला रंग पक्का बसण्याचे नियम बरेचसे सारखे आहेत, हे आम्हास अभ्यासाअंती दिसून आले. उदाहरणासाठी आम्ही मुद्दाम सर्वांत अवघड काम घेतले आहे : जुन्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचे भाग. ज्याला हे साधले त्याला फाटक, पलंग, खिडकीची जाळी सहज साधेल.

हे काम येते कोठून?

स्पोर्ट्स कार म्हणजे केवळ परदेशी चैन, असे समजू नये. गोव्यात १९९८ साली सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी बाजारात आणली होती. तिची बॉडी फायबरची आणि इंजिन रेनॉ कंपनीचे होते. फायबर भट्टीत टिकत नाही, म्हणून अशा गाडीची बॉडी नेहमीच्या रंगानेच रंगवावी लागते. पावडर फक्त तिच्या धातूच्या भागांना. मुंबई-पुण्याच्या शौकिनांकडे इंग्लंड-इटलीच्या जुन्या गाड्याही आहेत. केंद्र सरकारने २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी; चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून अशा मालकाला नुसती चमक नको असते. मूळ रूप हवे असते. इटलीच्या फेरारी कंपनीच्या ‘टेस्टा रोसा’ या गाडीचे नावच मुळी ‘लाल डोके’ असे आहे, कारण तिच्या इंजिनावरची झाकणे लाल रंगवलेली होती. तेथे कोणी निळा रंग मारला तर गाडीची किंमतच उतरली म्हणावी. काम हाती घेण्यापूर्वी मूळ रंग कोणता, चकचकीत की सुरकुत्यांचा, हे मालकाला विचारून लिहून घ्यावे. सुरकुत्या पडणारी पावडरही बाजारात मिळते.

कल्हई आणि पावडर

कल्हईवाला भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील फिरवतो. भांडे मळके राहिले की कथील तेथे धरत नाही. पावडर कोटिंगचे तत्त्व याच्याच जवळचे आहे. येथे राळ, रंगद्रव्य आणि घट्ट करणारे द्रव्य यांची कोरडी भुकटी असते. थिनर लागत नाही. बंदुकीतून सुटताना भुकटीला विजेचा भार मिळतो. बंदुकीच्या टोकाशी दाब ६० ते १०० हजार व्होल्ट असतो, मात्र प्रवाह अगदी अल्प असतो. भाग अर्थिंगला जोडलेला असल्याने भुकटी त्याच्याकडे ओढली जाऊन चिकटते. मग भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर ती वितळते, पसरते आणि तिचे कण एकमेकांत कायमचे गुंफले जातात. कथील पुन्हा तापवले तर वितळते. ही पावडर पुन्हा वितळत नाही.

आधी खळ काढा

कोऱ्या कापडातली खळ निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही, हे प्रत्येक रंगारी जाणतो. इंजिनाच्या भागावरची खळ म्हणजे तेल, काजळी आणि जुना रंग. लोखंडी भागाचे तेल काढून, गंज काढून, फॉस्फेटचा थर द्यावा. अ‍ॅल्युमिनियमचे शास्त्र वेगळे आहे. लोखंडाचा रंग कॉस्टिकच्या गरम पाण्यात निघतो. त्याच पाण्यात अ‍ॅल्युमिनियमचे झाकण टाकले तर धातूच खाल्ला जातो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळे द्रावण आणि वेगळी प्रक्रिया वापरावी.

जुन्या ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक छिद्रांत वर्षानुवर्षांचे तेल मुरलेले असते. वरून स्वच्छ दिसले तरी भट्टीत ते बाहेर येते आणि रंगावर बुडबुडे, टाचणीची छिद्रे पडतात. उपाय असा : भाग आधी रिकामाच, रंग पिकवण्याच्या तापमानापेक्षा थोडा जास्त तापवावा, तेल बाहेर येऊ द्यावे, थंड करून पुन्हा धुवावा आणि मगच पावडर मारावी.

काय रंगवावे, काय सोडावे

टॅपेट कव्हर, एअर फिल्टरचा डबा, पुली, निरनिराळे ब्रॅकेट आणि ऑइल चेंबरची बाहेरची बाजू यांना पावडर शोभते आणि टिकते. सायलेन्सरचा पाइप आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांना साधी पावडर मारू नये. तेथील उष्णतेत ती जळून सुटते. पितळी रेडिएटर आणि झाळलेली पेट्रोल टाकी भट्टीत घालू नये. साधे कथील-शिशाचे झाळण १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणजे भट्टीतच सांधे उकलतील. शिवाय टाकीत पेट्रोलची वाफ राहिली तर जिवावर बेतेल. रबरी सील, बुश आणि बेअरिंग आधी काढून घ्यावेत.

आता जाडीचा हिशेब पाहा. थर ७० मायक्रॉनचा धरला तर भोकाच्या दोन्ही बाजू मिळून व्यास १४० मायक्रॉनने, म्हणजे ०.१४ मिलिमीटरने कमी होतो. जेथे बेअरिंग मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने बसते, तेथे हा फरक फार झाला. म्हणून बेअरिंगची जागा, आटे, गॅस्केटचा सपाट पृष्ठभाग आणि पुलीची पट्टा चालण्याची खाच उष्णता सोसणाऱ्या टेपने व सिलिकॉनच्या बुचांनी झाकावी. अर्थची वायर जेथे इंजिनाला लागते ती जागाही उघडी ठेवावी. पावडर विजेला अडवते; ती जागा रंगली तर स्टार्टर नीट फिरणार नाही.

रेतीचा एक कण

या कामातला सर्वांत मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. अनेक टॅपेट कव्हरच्या आत तेल अडवणारी पत्र्याची आडपट्टी असते. ब्लास्टिंग करताना तिच्यामागे रेतीचे कण शिरतात. वरून झाकण आरशासारखे चमकते, मालक खूश होऊन जातो. पुढे इंजिन सुरू झाले की तेच कण तेलात उतरतात आणि बेअरिंग व क्रँकशाफ्ट कापून काढतात. ज्या गाडीचे सुटे भाग आज मिळत नाहीत तिचे इंजिन असे गेले तर भरपाई कोण करणार? म्हणून आतली बाजू आधी बंद करावी. पट्टी निघत असेल तर काढावी. निघत नसेल तर आतून ब्लास्टिंग करूच नये. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, हवा मारून, पांढऱ्या मलमलीचा तुकडा आत फिरवावा. कापडावर एक कण आला तरी पुन्हा धुवावे.

दुसरा धोका कारागिराच्या छातीला आहे. नदीची रेती ब्लास्टिंगला स्वस्त पडते, पण तिच्या बारीक धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो. गार्नेट, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी वापरावेत, आणि तेही बंद पेटीत. पावडरची भुकटी हवेत दाट झाली तर ठिणगीने भडका उडतो. म्हणून हवा खेचणारा पंखा, पक्के अर्थिंग आणि विडी-सिगारेटला सक्त मनाई या तीन गोष्टी हव्यातच.

भट्टी आणि तागडी

भट्टीच्या काट्याने २०० अंश दाखवले म्हणजे धातू २०० अंश झाला असे नव्हे. पातळ पत्रा लवकर तापतो, जाड ओतीव भाग उशिरा. पावडर कंपनीच्या पत्रकात जो वेळ दिलेला असतो, समजा १० मिनिटे, तो धातू त्या तापमानाला पोचल्यापासून मोजावा. कच्चा राहिलेला रंग दिसायला पक्क्यासारखाच असतो, पण पेट्रोल लागले की उठतो. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या पावडरच्या गाठी होतात. ती थंड, कोरड्या खोलीत ठेवावी.

मालाचा हिशेब सोपा आहे. पावडरची घनता १.५ आणि थर ७० मायक्रॉन धरला तर एका चौरस मीटरला १०५ ग्रॅम पावडर लागते. म्हणजे एक किलोत कागदावर साडेनऊ चौरस मीटर होतात. उडालेली पावडर वजा जाता, समजा ६० टक्केच भागावर बसली, तर पावणेसहाच्या आतच. भाव सांगताना हाच आकडा धरावा. इंजिनाच्या कामात मात्र पावडरचा खर्च थोडा आणि धुण्या-झाकण्याची मजुरी मोठी असते. ती वेगळी लावावी, नाहीतर घाटा येतो.

सुरुवात कशी करावी?

भट्टी आणि बंदूक घेण्याची घाई करू नये. प्रथम अमरावती किंवा नागपूरच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचे काम जवळून पाहावे. भाग उतरवणे, धुणे आणि झाकणे स्वतः शिकून, भट्टीचे काम काही दिवस दुसऱ्याकडून करून घ्यावे. प्रत्येक भाग देताना कागदावर लिहून द्यावे : काय रंगवले, काय झाकले, आत काय साफ केले. आणि जो भाग भट्टीत घालण्याजोगा नाही, त्याला गिऱ्हाईक दुप्पट पैसे देत असले तरी नाही म्हणावे. कापडाच्या धंद्यात कच्चा रंग पहिल्या धुण्यात उघडा पडतो. इंजिनात तो उघडा पडायला महिने लागतात आणि नुकसान कितीतरी मोठे होते. गिऱ्हाईकाला आत पाहता येत नाही, म्हणून तेथे कारागिरानेच पाहिले पाहिजे.