बरे वाटते म्हणून गोळी थांबवू नका



पाड्यावर आरोग्य तपासणी असली की बायका रांगेत बसतात आणि पुरुष झाडाखाली उभे राहून बघतात. बाईचा रक्तदाब निदान गरोदरपणी तरी मोजला जातो. पुरुषाचा चाळिशी उलटली तरी कोणी मोजलेला नसतो. “मला काय झालंय?” एवढेच तो म्हणतो.

असेच म्हणणाऱ्या एका भावाचा दाब १८०/११० निघाला. गोळ्या सुरू झाल्या, दाब उतरला. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले. तिथे गोळ्या संपल्या. “आता बरा आहे” म्हणून त्याने पुन्हा आणल्या नाहीत. दोन महिन्यांनी त्याची उजवी बाजू लुळी पडली. यात चूक माझीही होती. गोळी किती दिवस घ्यायची, हे मी त्याला समजावलेच नव्हते.

म्हणून हा पाठ. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. दाब उतरतो तो गोळीमुळे, आजार गेला म्हणून नव्हे. गोळी बंद केली की तो पुन्हा चढतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा करतो.

१. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी दाब मोजा. आधी अर्धा तास चहा, बिडी, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त आला, तर डॉक्टरांना दाखवा.

२. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही नाही. सुकी मासळी, लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच धरा.

३. दारू, बिडी, तंबाखू सोडा.

४. सरकारी आरोग्य केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. कामासाठी गाव सोडण्यापूर्वी गोळ्या आणि औषधाचा कागद सोबत घ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका.

५. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करा.

कोणी विचारतात, “प्रार्थना करतो, मग गोळी कशाला?” शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. प्रार्थना करा, गोळीही घ्या.

मंडळीतील बंधूंना एक विनंती: पुढच्या शिबिरात आधी तुम्ही हात पुढे करा. तुम्हाला पाहून झाडाखालचे भाऊही पुढे येतील.