कर्करोगावरील उपचार आणि अनेकांचें सहकार्य

वैतरणा नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें आमचें दातिवरे गांव वसलें आहे. पावसाळा संपून होड्या समुद्रांत जाऊं लागल्या, म्हणजे यंदा बोंबील कमी कीं जास्त, हा प्रश्न किनाऱ्यावर हटकून निघतो. एखाद्या तांडेलाची डोल एके दिवशीं भरून आली, म्हणून हंगाम चांगला ठरत नाहीं. एखाद्याचें जाळें रिकामें आलें, म्हणून तो वाईटहि ठरत नाहीं. सर्व होड्यांची सबंध हंगामाची मासळी एकत्र मोजावी, तेव्हांच खरें काय तें कळतें. रोगावरील उपचारांचेंहि असेंच आहे. हें दाखविण्यासाठीं आम्ही येथें कर्करोगाचें उदाहरण घेत आहों.

आपलें शरीर असंख्य पेशींचें बनलेलें आहे. जुन्या पेशी मरतात व नव्या पेशी गरजेपुरत्या निर्माण होतात. हा नियम मोडून कांहीं पेशी बेसुमार वाढूं लागल्या व शेजारच्या भागांत शिरूं लागल्या, म्हणजे त्यास कर्करोग म्हणतात. या पेशी रक्तावाटे दूर जाऊन तेथेंहि आपलें ठाणें मांडतात, हा या रोगाचा सर्वांत घातक गुण होय. या रोगावरील उपचारांसाठीं मुंबईस परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडण्यांत आलें. आमच्या बाजूचा रोगी सफाळ्यास गाडींत बसून तेथें जातो. तेथें त्यास मिळणारा उपचार योग्य आहे, हें कोणीं व कसें ठरविलें असेल?

एक उदाहरण पाहूं. दांत काढण्यापूर्वीं हिरडी बधिर करण्यासाठीं लिग्नोकेन नांवाचें औषध टोंचतात. तें स्वस्त असून सर्वत्र मिळतें. स्तनाच्या कर्करोगाची गांठ काढतांना ती हाताळावी लागते, आणि त्या वेळीं कांहीं पेशी सुटून दूर जात असाव्यात, असा तज्ज्ञांचा तर्क होता. मग शस्त्रक्रियेपूर्वीं सात ते दहा मिनिटें गांठीभोंवतीं लिग्नोकेन टोंचलें, तर या पेशींना आळा बसेल काय? ही गोष्ट पडताळून पाहण्याचें काम टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं आरंभिलें. भारतांतील ११ कर्करोगकेंद्रें त्यांत सामील झालीं व १६०० स्त्रियांनीं संमति दिली. सुमारें निम्म्या स्त्रियांस नेहमींच्या उपचाराबरोबर हें औषध टोंचलें, बाकीच्यांस केवळ नेहमींचा उपचार दिला. २०२३ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पांच वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचें प्रमाण औषध टोंचलेल्यांत शेंकडा ९०.१, तर इतरांत शेंकडा ८६.४ होतें.

हा फरक शेंकडा चारांहूनहि थोडा कमी आहे, म्हणजे पंचवीस रोग्यांत जेमतेम एक. एखाद्या डॉक्टरानें स्वतःचे पंचवीस रोगी पाहून हें ओळखलें असतें काय? मुळींच नाहीं. तेवढा फरक केवळ योगायोगानेंहि पडतो. नाणें दहा वेळां उडविलें तर सात वेळां छापा पडूं शकतो. हजार वेळां उडविलें तर सातशें वेळां पडणार नाहीं. म्हणूनच अनेक केंद्रांची गरज लागते. शिवाय औषध कोणास द्यावयाचें हें डॉक्टर आपल्या मर्जीनें ठरवीत नाहींत. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणें तें ठरतें. नाहींतर सशक्त रोगीच एका बाजूस जमावयाचे व निकाल फसवा व्हावयाचा.

सहकार्य केवळ मोठ्या रुग्णालयांतच होतें असें नाहीं. १९९९ सालीं उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं मोठा अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय व फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोगसंशोधन संस्था यांनीं तो मिळून केला. खेड्यांचे ५२ समूह करून ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट पाडले. एका गटांत या रोगास कारण होणाऱ्या विषाणूची तपासणी केली. दोन गटांत तपासणीच्या इतर रीति वापरल्या. चौथ्या गटास केवळ नेहमींची सेवा होती. आठ वर्षांत विषाणूची तपासणी झालेल्या गटांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या, तर चौथ्या गटांत ६४. हे दोन गट संख्येनें जवळजवळ सारखे होते. २००९ सालीं हा निकाल प्रसिद्ध झाला. आज जागतिक आरोग्य संघटना विषाणूच्या याच तपासणीस अग्रस्थान देते.

परंतु या अभ्यासावर आक्षेपहि आले. चौथ्या गटास तपासणी न देणें न्याय्य होतें काय, असें कांहीं डॉक्टरांनीं विचारलें. त्या काळीं त्या खेड्यांत तपासणीची सोयच नव्हती, असें दुसऱ्या बाजूचें म्हणणें होतें. हा वाद आम्ही येथें मिटवूं शकत नाहीं. इतकें मात्र खरें, कीं ६४ हा नुसता आंकडा नव्हे. त्या ६४ घरांतील आया, बहिणी व लेकी होत्या. आपणांस मिळणाऱ्या ज्ञानाची किंमत कोणीं दिली, हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल.

२०१२ सालीं देशांतील कर्करोगकेंद्रें नॅशनल कॅन्सर ग्रिड या नांवानें एकत्र येऊं लागलीं. रोगी कोणत्याहि गांवचा असो, त्यास सारख्याच दर्जाचा उपचार मिळावा, हा त्यांतील एक हेतु आहे.

आतां आपलें कर्तव्य काय? घरांतील कोणी आजारी असल्यास त्याचे सर्व कागद जपून ठेवावेत. बरें वाटूं लागलें, आतां गाडीभाडें कशाला खर्चावें, असें म्हणून पुष्कळ लोक पुढील तपासणीस जात नाहींत. त्यांना आपण आग्रहानें पाठवावें. त्यांत त्यांचें स्वतःचें हित तर आहेच, पण अभ्यासांत नांव असल्यास पांच वर्षांच्या नोंदीवांचून निकालहि लागत नाहीं. अभ्यासांत भाग घेण्याविषयीं कोणीं विचारल्यास सर्व समजून घ्यावें. नकार देण्याचा हक्क प्रत्येकास आहे, आणि नकारामुळें नेहमींचा उपचार बंद होत नाहीं. समजून उमजून दिलेला होकार मात्र मोठें दान होय. तें घेणारा रोगी कदाचित् पुढें दहा वर्षांनीं सफाळ्यास गाडींत बसेल, आणि देणाऱ्याचें नांव त्याला कधींच कळणार नाहीं.