डिस्क अडकली तर आधी कडा बघ

सिनेमाची डिस्क आणलीस की त्याच आठवड्यात बघ, आणि नामावली संपेपर्यंत बघ. पाकीट न फोडता कपाटात ठेवली म्हणजे ती सुरक्षित, असं समजू नकोस. कारखान्यातूनच दोष घेऊन आलेली डिस्क बंद पाकिटातही बिघडत राहते. तो दोष उघड होईपर्यंत बिल हरवतं आणि दुकानदारानं धंदा बदललेला असतो.

अडकली की आधी पूस. मऊ, कोरडं सुती फडकं घे आणि मध्यापासून कडेकडे सरळ ने. गोल फिरवू नकोस. माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते, त्यामुळे त्या दिशेचा ओरखडा सलग बरीच माहिती खातो. मग शेजाऱ्यांकडच्या प्लेयरवर लावून बघ. पृष्ठभाग स्वच्छ असूनही दोन्हीकडे चित्र एकाच जागी थिजलं, तर दोष आत आहे असं धर. मग पॉलिश नको, टूथपेस्ट तर मुळीच नको. आतल्या दोषावर वरून लेप लावून काही होत नाही, उलट तूच ती खराब केलीस असं ऐकून घ्यावं लागेल.

सिनेमा नेमका कुठे अडकतो ते मात्र वेळेसकट लिहून ठेव. डीव्हीडी अखंड नसते, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात, सँडविचसारख्या. सिनेमा ४.७ जीबीत मावत नसेल तर तो दोन थरांवर घालतात. लेझर पहिला थर मध्यापासून कडेकडे वाचतो आणि दुसरा बहुधा कडेकडून मध्याकडे. म्हणजे सिनेमा निम्म्यावर येतो तेव्हा लेझर कडेजवळ असतो. चिकटवण्यात कसर राहिली असेल तर हवा आणि ओल शिरते तीही कडेनंच. म्हणून सुरुवात नीट, मध्ये अडकते, शेवट पुन्हा नीट, असं झालं की डिस्क उजेडात तिरकी धर. कडेला ढगाळ पट्टा किंवा डाग दिसला तर कारण सापडलं. थर बदलताना चित्र क्षणभर थबकतं, तो दोष नव्हे.

बिघडलेली डिस्क निमूटपणे टाकून देऊ नकोस. अमेरिकेत वॉर्नर या सिनेमा कंपनीच्या २००६ ते २००८ या काळातल्या कित्येक डीव्हीडी अशाच आतून खराब झाल्या. लोकांनी त्या जिवापाड जपल्या होत्या. ते बोलत राहिले, म्हणून २०२५ मध्ये कंपनीनं दोष मान्य केला, डिस्क बदलून द्यायची तयारी दाखवली आणि जो सिनेमा आता मिळत नाही त्याऐवजी दुसरा देऊ केला.

आपल्याकडच्या जुन्या नाटकांच्या व्हीसीडी कोण बदलून देणार? त्यांचा धातूचा थर छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असतो, तेव्हा त्या बाजूला ना चिकटपट्टी लाव, ना टोकदार पेनानं नाव लिही. ज्या अजून चालतात त्या आजच हार्ड डिस्कवर उतरवून घे. आणि डीव्हीडी डबीतून काढताना मधली खुंटी दाबूनच काढ, वाकवून ओढलीस तर सांधा सुटतो.

बदलून घ्यायला जाशील तेव्हा बिल ने, अडकण्याची वेळ सांग आणि आतल्या कड्यावर कोरलेला बारीक क्रमांक वाच. नव्या डिस्कवरही तोच असेल तर ती त्याच खेपेतली असू शकते. तेव्हा दुकानातच लावायला सांग, थेट निम्म्यावर ने आणि दहा मिनिटं तिथे थांबून बघ.