परसातील कोंबड्यांच्या खाद्यात प्रथिने किती असावीत?

परसातील कुक्कुटपालन हा अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना रोख पैसा मिळवून देणारा जोडधंदा आहे. आठवडी बाजारात विकलेल्या अंड्यांतून मीठमिरचीचा व मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागतो. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित कोंबड्याही आता खेडोपाडी पाळल्या जातात. तथापि, अनेक घरी पिल्लांपुढे केवळ तांदळाची कणी किंवा ज्वारी टाकली जाते. पिल्ले खुरटतात, पिसे नीट भरत नाहीत आणि पुढे अंडीही कमी मिळतात. दोष मात्र जातीला दिला जातो. पुष्कळदा खरी उणीव असते ती खाद्यातील प्रथिनांची.

धान्य का पुरत नाही?

ज्वारी व मका यांत शेकडा ९ ते १० भाग प्रथिने असतात. कोंबडीने दिवसाला ५० ग्रॅम ज्वारी खाल्ली, तर तिला त्यातून जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका अंड्यात मात्र सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात; शिवाय तिला स्वतःच्या शरीराची झीजही भरून काढावयाची असते. धान्यातील प्रथिनांत लायसिन व मेथिओनिन हे आवश्यक घटकही कमी असतात. ही तूट पेंड, मासळी किंवा किडे यांतूनच भरून निघते.

वयानुसार गरज

पहिल्या ८ आठवड्यांपर्यंत पिल्लांच्या खाद्यात शेकडा २० भाग प्रथिने असावीत. त्यानंतर अंडी देऊ लागेपर्यंत तलंगांना १६ भाग पुरेसे होतात. अंड्यावरील कोंबडीस १६ ते १८ भाग लागतात. याहून अधिक प्रथिने दिल्याने लाभ होत नाही. जादा प्रथिने युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेवाटे बाहेर पडतात, खुराड्यात अमोनियाचा उग्र वास येतो आणि महागड्या पेंडीचा पैसा वाया जातो.

ही प्रमाणे संपूर्ण खाद्याची आहेत. मोकळी हिंडणारी कोंबडी काही वाटा स्वतः मिळवते. पावसाळ्यात गांडुळे, वाळवी व किडे मुबलक असतात. तेव्हा सायंकाळी थोडे धान्य दिले तरी भागते. सुगीनंतर खळ्यावर दाणे मिळतात, परंतु किडे घटतात. उन्हाळ्यात तर दोन्हींची वाण पडते. म्हणून सुगीपासून पुढच्या पावसापर्यंत पेंडयुक्त खाद्याची जोड द्यावी. लहान पिल्लांना मात्र बाराही महिने पूर्ण खाद्यच द्यावे. त्यांना हिंडून पोट भरता येत नाही.

घरच्या घरी मिश्रण

पिल्लांसाठी १० किलो खाद्य करताना मक्याचा भरडा साडेपाच किलो, सोयाबीनची पेंड ३ किलो, तांदळाचा बारीक कोंडा १ किलो २०० ग्रॅम आणि क्षार व जीवनसत्त्वांचे मिश्रण ३०० ग्रॅम घ्यावे. मक्यात शेकडा ९, पेंडीत ४५ व कोंड्यात १२ भाग प्रथिने धरल्यास एकूण सुमारे २ किलो, म्हणजे शेकडा २० भाग प्रथिने होतात. अंड्यावरील कोंबड्यांसाठी भरडा ५ किलो २०० ग्रॅम, पेंड २ किलो, कोंडा २ किलो, शिंपल्यांचा चुरा ६०० ग्रॅम व क्षार-मिश्रण २०० ग्रॅम घेतल्यास हे प्रमाण १६ भागांवर येते. शिंपल्यांचा आणखी चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा; कोंबडी गरजेपुरता खाते.

घ्यावयाची दक्षता

सोयाबीनचे कच्चे दाणे कोंबड्यांना घालू नयेत. त्यांतील काही द्रव्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणतात. उष्णतेने ती नष्ट होतात. शेंगदाण्याची पेंड बुरसटलेली असल्यास तीत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. अशी पेंड स्वस्त मिळाली तरी टाळावी. कोकणात सुकी मासळी सहज मिळते, परंतु खारवलेली मासळी घालू नये. जादा मिठाने पिल्ले दगावतात. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्यही पिल्लांना देऊ नये. त्यातील जादा चुन्यामुळे मूत्रपिंडांस इजा होते.

पिल्ले वाटप करताना ग्रामपंचायतींनी व पशुवैद्यकीय दवाखान्यांनी खाद्याचे हे कोष्टकही घरोघरी पोहोचवावे. शाळांनाही बेरीज-गुणाकाराचा हा एक उपयुक्त पाठ ठरेल. पेंड थोडीच असेल, तर ती प्रथम पिल्लांना व नंतर अंड्यावरील कोंबड्यांना द्यावी. एवढा एक नियम पाळला, तरी परसातील उत्पन्नात निश्चित भर पडेल.