अरण्यात शिरण्यापूर्वीची खातरजमा

ताडोबाच्या अरण्यात सहकुटुंब एक दिवस घालविण्याचा बेत करणारे बहुतेक गृहस्थ वाघ दिसेल काय एवढेच विचारतात. आणि सर्वस्वी त्या पशूच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या या प्रश्नाच्या नादात ज्या गोष्टी आपल्या स्वाधीन असतात त्यांची चौकशी राहून जाते. चंद्रपूर जिल्ह्यातील हे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली स्थापन झाले, १९८६ साली त्याच्या लगतचे अंधारी अभयारण्य घोषित झाले, आणि आज या दोहोंचे मिळून गाभ्याचे क्षेत्रच सुमारे सव्वासहाशे चौरस किलोमीटर भरते. त्यात शिरण्याची फाटके मोहर्ली, कोलारा, नवेगाव, खुटवंडा अशी चहूकडे विखुरलेली असून, ज्या फाटकाचा परवाना असेल त्याच फाटकातून प्रवेश मिळतो. आमची तजवीज ज्या मध्यस्थाकडे सोपविली होती त्याने मुक्काम कोलाऱ्याजवळ ठरविला आणि परवाना मात्र मोहर्लीचा काढला! मध्ये अरण्य पसरलेले असल्यामुळे बाहेरून लांबलचक वळसा घालून आम्ही पोहोचलो तेव्हा इतर गाड्या केव्हाच आत गेल्या होत्या. उशिरा आलेल्याच्या फेरीची मुदत कोणी वाढवून देत नाही. ती ठरल्या वेळी संपते. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी मुक्कामाचे गाव आणि परवान्यावरील फाटक ताडून पाहावे, परवान्यावर ओळखपत्रातलेच नाव आहे ना हे वाचावे, आणि मूळ ओळखपत्रे बरोबर घ्यावीत. मोबाइल आत नेण्यास मनाई असल्यामुळे त्यातील छायाचित्रांवर विसंबण्यात अर्थ नाही.

परंतु फाटकावरील हा मनस्ताप पुढील प्रसंगाच्या मानाने क्षुल्लक होता. आमच्या सासूबाईंनी पहाटेपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते. अरण्यात वाटेल तेथे गाडीतून उतरता येत नाही असे आदल्या रात्री त्यांच्या कानावर पडले होते. आणि जावयासमोर, त्यातही परक्या वाटाड्यासमोर, लघुशंकेचा विषय काढण्यापेक्षा तहान सोसणे त्यांना अधिक मर्यादेचे वाटले. उघडी जिप्सी, वैशाखातले ऊन, मागच्या उंच बाकावर बसणारे धक्के आणि गाडीमागे उठणारी धूळ, या सर्वांचा परिणाम व्हावयाचा तो होऊन त्यांना भोवळ आली. वाटाड्या प्रसंगावधानी निघाला. उतरण्यासाठी नेमून दिलेल्या जागी त्याने गाडी नेली, त्यांना सावलीत बसविले, आणि मीठसाखरेचे पाणी घोटघोट पाजल्यावर काही वेळाने त्या सावरल्या. चंद्रपूरकडचा उन्हाळा ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ही गोष्ट याहून कितीतरी वाईट थराला जाऊ शकली असती हे सांगावयास नको.

म्हणून वडीलधाऱ्या स्त्रिया बरोबर असतील तर फाटक ओलांडण्यापूर्वी प्रसाधनगृहाची सोय कोठे आणि किती वेळाने मिळेल हे वाटाड्याला सर्वांच्या देखत, मोठ्याने आणि घरच्या पुरुषानेच विचारावे. त्या एका प्रश्नाने त्यांचा संकोच जितका दूर होतो तितका आग्रहाने होत नाही. त्यांना मागे न बसविता पुढे बसवावे, म्हणजे धक्के कमी लागतात. पाणी भरपूर न्यावे, ओला पंचा हाताशी ठेवावा, आणि प्यावयाचे पाणी मागण्याची वेळ त्यांच्यावर येऊ न देता आपण होऊन द्यावे. आमच्या सासूबाई पुढे माघात पुन्हा आल्या आणि शेवटपर्यंत प्रसन्न राहिल्या. वाघ मात्र त्याही वेळी दिसला नाही.

न दिसलेल्या वाघाने मुले हिरमुसली तर दोष बव्हंशी वडीलमंडळींचा असतो, कारण घरापासूनच त्यांनी दुसरे काही पाहण्यासारखे आहे असे सांगितलेले नसते. वाघाच्या वार्तेमागे धावणाऱ्या गाडीतून सारे अरण्य नुसते मागे पळताना दिसते. आरंभीच वाटाड्याला सांगावे, की पाठलाग नको, थांबत थांबत जाऊ. मग तो रस्त्याकाठचे गोंड राजांच्या काळचे म्हणून दाखविले जाणारे दगडी खांब दाखवितो. वाघाशी झुंजताना मेलेल्या व देवपदाला पोचलेल्या तारूची कथा, जिच्यावरून ताडोबा हे नाव पडले असे मानतात, ती सांगतो. आणि चितळाने वा वानराने दिलेला इशारा कसा ओळखावा हे शिकवितो. तेवढे कळल्यावर आमचा धाकटा, एरवी क्षणभरही गप्प न बसणारा, श्वास रोखून कान देऊ लागला.

राहता राहिला हंगामाचा प्रश्न. शाळेच्या सुट्या उन्हाळ्यात, आणि पाणवठे आटल्यामुळे वाघ दिसण्याचा संभवही तेव्हाच अधिक. सबब कुटुंबकबिले नेमक्या त्याच दिवसांत लोटतात. माझे मत याच्या उलट आहे. म्हातारी माणसे वा अगदी लहान मुले बरोबर असतील तर मार्गशीर्ष ते माघ या दिवसांतच जावे, पहाटेच्या वाऱ्यासाठी घोंगडी व कानटोप्या न्याव्यात, आणि एकच फेरी करावी. वैशाखात जाणे भागच असेल तर सकाळी तरुणांबरोबर वृद्धांनी जावे, दुपारच्या फेरीला त्यांना मुक्कामी ठेवावे, आणि त्यांच्याजवळ घरातले एक कर्ते माणूस मागे राहावे. ते कोणी राहावयाचे याचा निकाल घरूनच लावून निघावे. फाटकावर त्यासाठी कोणीही आपण होऊन पुढे येत नाही.