पतंगांचा अभ्यास करणारी मारिया सिबिला मेरियन

पहिला पाऊस पडला कीं, दिव्याभोंवतीं पतंगांची झुंबड उडते. हे जीव येतात तरी कोठून? सतराव्या शतकांत युरोपांतील पुष्कळ लोक, व त्यांत विद्वानहि होते, असें मानीत कीं कीटक चिखलांतून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात. जिनें ऐकीव गोष्टीवर विसंबून न राहतां स्वतः पाहिलें, अशा एका स्त्रीची हकीकत आज सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

मारिया सिबिला मेरियन ही १६४७ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहरीं जन्मली. ती तीन वर्षांची असतां तिचा पिता वारला. सावत्र पिता चित्रकार होता. त्याच्यापाशीं ती कुंचला धरावयास शिकली. तेराव्या वर्षीं तिनें रेशमाचे किडे पाळिले, आणि अंड्यांतून अळी, अळीचा कोश व कोशांतून पतंग हा क्रम डोळ्यांनीं पाहिला. मग ती इतर सुरवंटहि घरीं आणूं लागली. हें काम दिसतें तितकें सोपें नव्हे. कित्येक सुरवंट ठराविक झाडाचाच पाला खातात; दुसरा घातला तर उपाशी मरतात. म्हणून १६७९ सालीं छापिलेल्या आपल्या पुस्तकांत तिनें किड्याबरोबर त्याचें झाडहि काढिलें.

पुढें पतीपासून विभक्त होऊन ती आई व दोन मुलींसह हॉलंडांत, लाबादी नामक उपदेशकाच्या अनुयायांत, कांहीं वर्षें राहिली. त्या मंडळींतील कांहीं जण दक्षिण अमेरिकेंतील सुरीनाम ह्या डच वसाहतींत गेले होते. १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, आपलीं चित्रें विकून व धाकट्या मुलीस बरोबर घेऊन तीहि तेथें गेली.

साखर सोडून किडे शोधणाऱ्या ह्या बाईची मळेवाल्यांनीं थट्टा केली. तिच्या उपयोगीं पडले ते गुलाम. त्यांनीं रानांत वाट तोडून दिली, सुरवंट आणून दिले. आपल्याकडे अंगणांत लाल-पिवळ्या फुलांचा शंकासुर असतो. तो तेथेंहि होता. आपलें मूल गुलामगिरींत जन्मूं नये म्हणून त्याचें बीं खाऊन आपण गर्भ पाडितों, असें गुलाम स्त्रियांनीं तिला सांगितलें. हें त्यांच्याच तोंडून ऐकिलें असें तिनें स्पष्ट लिहिलें. मात्र त्या स्त्रियांचीं नांवें तिनें दिलीं नाहींत, व गुलामांच्या श्रमाचा लाभ तिनें स्वतःहि घेतला, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं.

आजारामुळें ती १७०१ सालीं परतली. १७०५ सालीं साठ चित्रांचें तिचें मोठें पुस्तक अ‍ॅम्स्टरडॅम येथें निघालें. तेथेंच १७१७ सालीं ती वारली. त्या पुस्तकांत शंकासुराचें चित्र आहे. फांदीवर एक सुरवंट आहे, आणि फुलापाशीं त्याचाच झालेला पतंग.